अप्पांची चौसष्ट एमबीची वंशावळ

मंडळी, आधी माझा एक गाढवपणा सांगून टाकतो. म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही माझ्याकडून फार अपेक्षा ठेवणार नाही.

गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी मी एका जुन्या कॉम्प्युटरमधली चौसष्ट एमबी मेमरी काढली आणि तिच्या जागी एक जीबी घातली. म्हणजे सोळापट. बायकोला आणि मुलीला मुद्दाम समोर बसवलं, घसा साफ केला, बटण दाबलं. आतल्या पंख्यानं एक सुस्कारा टाकला, पडदा उजळला... आणि त्यावर वाक्य आलं की विंडोज सुरू करायला मेमरी पुरत नाही.

बायको म्हणाली, "अजून थोडी घाला की."

तर असा मी. मूळचा सांगलीचा, चोवीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी चेन्नईत आलो तो इथलाच झालो. अण्णा नगरला राहतो, अंबत्तूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. आमच्याकडे एखादा भाग नापास झाला की एक कागद भरावा लागतो. त्यात 'कारण' नावाचा रकाना असतो आणि तो रिकामा सोडलेला चालत नाही. तो रकाना भरता भरता माझा स्वभावच तसा झालाय. कारण नसलेली गोष्ट जगात नसते, आपण नीट तपासलेलं नसतं, एवढंच. या सदरातले अनुभव मी नेहमी वाचतो आणि खरं सांगायचं तर हसत वाचतो. भूत, संकेत, स्वप्नात येऊन बोलणारे पूर्वज... यातलं काही मी कधी मानलं नाही. आता स्वतःच लिहायला बसलोय, तेव्हा हसायची पाळी तुमची.

माझी बायको वैदेही. तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातली, जन्मानं इथल्याच मैलापूरची. तिचा कुणी पूर्वज तंजावरच्या राजवाड्यात कारकून म्हणून आला आणि परत गेलाच नाही. तिची मराठी माझ्या मराठीपेक्षा कितीतरी जुनी आहे आणि भांडणात ती मधेच तमिळमध्ये शिरते, त्यामुळे दोन्हीकडून माझाच पराभव होतो. (तिचं बोलणं मी इथं माझ्या मराठीत लिहितोय. तिच्या लकबीत लिहायला गेलो तर ती वाचून चुका काढेल.)

तिचे वडील माधवराव, सगळ्यांचे अप्पा. अंबत्तूरच्याच एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये त्यांनी आयुष्य काढलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरच्या क्लासला नाव घातलं. वर्गात बाकी सगळी विशीतली पोरं. सहा महिन्यांत अप्पांनी रिची स्ट्रीटवरून, म्हणजे इथल्या कॉम्प्युटर बाजारातून, सुटे भाग आणून स्वतःचं मशीन जोडलं, त्यावर विंडोज ९८ घातलं, आणि एक प्रोग्राम लिहायला घेतला. प्रोग्रामचं नाव 'वंसम्'. तमिळमध्ये वंश. त्यात त्यांच्या घराण्याची वंशावळ होती, त्या राजवाड्यातल्या कारकुनापासून थेट आजपर्यंत, नऊ पिढ्या. प्रत्येक माणसाची एक चौकट. चौकटीत नाव, आणि मिळाला असेल तर फोटो. ड्रॉइंग ऑफिसचा माणूस, त्यामुळे रेघ अशी की पट्टीनं ओढावी.

एकच गोम होती. त्या वंशावळीत मुली नव्हत्या.

म्हणजे होत्या, पण आकड्यात. अप्पांच्या वडिलांना, कृष्णरावांना, चार मुली, तर त्यांच्या चौकटीखाली कोपऱ्यात लिहिलेलं — D-4. कुणाला दोन, तर D-2. स्वतः अप्पांची एकुलती एक मुलगी वैदेही, ती D-1.

लग्नानंतर पहिल्यांदा मी ही वंशावळ पाहिली तेव्हा मला गंमत वाटली. "डी-वन म्हणजे रेल्वेचा डबा झालीस तू," मी म्हणालो. वैदेही हसली नाही. अप्पा मात्र ओशाळले. म्हणाले, "मेमरी पुरत नाही, माप्पिळ्ळै." माप्पिळ्ळै म्हणजे जावई, मला ते नावानं कधीच हाक मारत नसत. "मुलींच्या चौकटी घातल्या की मशीन अडकतं. फोटो फार जागा खातात. मेमरी वाढवली की सगळ्यांना घालणार. वचन आहे माझं."

"मुलांचे फोटो काढून टाका," वैदेही म्हणाली, "जागा होईल."

अप्पांनी ऐकू न आल्यासारखं केलं. मेमरी काही वाढली नाही. पुढे चार वर्षांनी अप्पा गेले. कॉम्प्युटर मैलापूरच्याच घरात, त्यांच्या बहिणीच्या, कमलात्यांच्या, माळ्यावर गेला. वैदेहीनं त्याचा विषय परत कधी काढला नाही. पण आमची मुलगी झाल्यावर एकदा तिच्या लंगोट्या घड्या करता करता ती सहज म्हणाली, "ही आता D-1 च्या खालची D-1." तेव्हा मला कळलं की हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

मुलीचं नाव ओवी. इथं जरा थांबतो, कारण ते नाव पुढे लागणार आहे. अप्पा गेल्यानंतर दोन वर्षांनी ती झाली. वैदेहीच्या मनात दुसरंच नाव होतं, माझ्या मनात तिसरंच. सांगलीहून आलेल्या माझ्या आईनं बारशाच्या दिवशी पाळण्यापाशी दोघांना डावलून कानात 'ओवी' सांगून टाकलं आणि विषय संपवला. चेन्नईत हे नाव कुणी ऐकलेलं नाही. पहिल्यांदा ऐकणारा माणूस म्हणतो, इनिशियल्स कळली, आता नाव सांगा.

आणि इनिशियलवरून आठवलं, तोही माझाच पराक्रम. इकडे आडनाव नसतं. नावाआधी वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर लावतात. मी शिरीष, म्हणून मुलगी 'S. Ovi' व्हायला हवी होती. शाळेचा फॉर्म भरताना वैदेही बाहेर ओवीला दहीभात भरवत होती आणि मी आत एकटा. फॉर्मवर 'आईचं नाव' असा रकाना, आणि त्याला खेटूनच 'इनिशियल' अशी चौकट. मला वाटलं, आईचंच विचारतायत. मी ऐटीत V लिहिलं. क्लार्कनं विचारलंही, "V, सार?" मी म्हटलं, "येस, V." झालं. शाळेपासून पासपोर्टपर्यंत माझी मुलगी V. Ovi आहे. सगळ्या शाळेत आईचं इनिशियल लावणारी ती एकटी. वैदेहीच्या मैत्रिणींना वाटतं, नवरा किती पुढारलेला. मी तो गैरसमज दूर केलेला नाही.

तर गेल्या वर्षी कमलात्यांची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. आत्या ऐंशीच्या. त्यांचा मुलगा कोइम्बतूरला असतो, तिकडे जायचं पक्कं झालं. पण तिथली खोली तयार व्हायला महिनाभर होता, म्हणून त्या आमच्याकडे राहायला आल्या. सोबत दोन ट्रंका, बाहुल्यांचं एक खोकं, आणि चादरीत गुंडाळलेला अप्पांचा कॉम्प्युटर.

"भंगारवाला घेऊन जात होता," आत्या म्हणाल्या. "मी म्हटलं, आमच्या अण्णाचं वचन आहे त्यात. ते कुठं भंगारात देऊ?" अप्पा त्यांचे मोठे भाऊ, म्हणून अण्णा. "माप्पिळ्ळै, मेमरी आणा आणि आमची नावं घाला. मी गेले की कुणाला माहीत राहणार नाहीत."

हे खरं होतं. घराण्यातल्या जुन्या मुली कोण, कुठं दिल्या, त्यांची नावं काय, हे सांगणारी आत्या ही शेवटची व्यक्ती होती. आणि आत्यांचं विसरणं सुरू झालं होतं. सकाळी कॉफी घ्यायच्या आणि दहा मिनिटांनी विचारायच्या, आज कॉफी नाही का कुणी केली? वैदेहीनं माझ्याकडे पाहिलं. महिनाभर वेळ होता.

मी रजा टाकली. क्वालिटीवाला माणूस, म्हणून पहिलं काम नियमानं केलं. जुनी हार्डडिस्क मशीनमध्ये चालू केलीच नाही. ती काढली, वेगळी जोडून तिची पूर्ण नक्कल उतरवून घेतली आणि मूळ डिस्क एका डब्यात, वर 'हात लावू नये' लिहून, कपाटात ठेवली. नक्कल करतानाच ती टक्-टक् करत होती. अजून चारदा चालवली असती तर राम म्हणाली असती.

मग जागेचा प्रश्न. मी पाचशे जीबीची डिस्क घेऊन आलो, आणि मशीननं तिला ओळखच दिली नाही. रिची स्ट्रीटवर एक पांढऱ्या मिशांचे दुकानदार आहेत, अशा जुन्या मशीनचे भाग ठेवतात. त्यांना दाखवलं तर म्हणाले, "सार, हे म्हातारं आहे. घास लहान द्या." त्यांनी कॅमेऱ्यात घालायचं बत्तीस जीबीचं कार्ड आणि ते डिस्कच्या जागी जोडायचा एक पट्टा दिला. त्यावर नक्कल उतरवली आणि ते मात्र मशीननं गोड मानून घेतलं. मेमरीच्या पट्ट्याही त्यांच्याकडेच मिळाल्या, पाचशेबाराच्या दोन. तेव्हा त्यांनी काहीतरी सांगितलं होतं, पण मी घाईत होतो. पुढचा अपमान तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलाय.

कारण मात्र सापडलं. मला ते फार आवडलं म्हणून सांगतो. ही जुनी विंडोज किती मेमरी आहे ते बघते आणि त्या प्रमाणात स्वतःच्या सोयीसाठी आधीच जागा अडवून ठेवते. लग्नाच्या पंगतीत एखादे काका सगळ्या पानांवर रुमाल टाकून ठेवतात, तसं. मेमरी थोडी असेल तर रुमाल थोडे. भरपूर असेल तर काका इतके रुमाल टाकतात की स्वतःलाच बसायला पान उरत नाही, आणि मग ओरडतात, जागा नाही. उपाय सोपा आहे. मेमरी कमी करायची नाही, काकांना दटावायचं. मी एक पट्टी काढली, मशीन सुरू केलं, त्याच्या एका फाईलमध्ये एक ओळ लिहिली की अमुक इतक्याच्या वर अडवायचं नाही, आणि पट्टी परत घातली.

या वेळी कुणाला समोर बसवलं नव्हतं. पण स्वयंपाकघरातून वैदेहीनं सुरू व्हायची धून ऐकली आणि हातातला झारा घेऊन तशीच आली. मी 'वंसम्' उघडलं. नऊ पिढ्या एका दमात पडद्यावर आल्या, फोटोंसकट. पूर्वी निम्म्यावर अडकायचं ते. मला इतका अभिमान वाटला की मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो.

"बसा," वैदेही म्हणाली. पण झाऱ्यातलं तेल फरशीवर ठिबकत होतं आणि तिला ते कळत नव्हतं.

आता नावं. D-4 वर दोनदा क्लिक केलं की चार कोऱ्या ओळी उघडत. त्यात नाव टाकून 'दाखवा'चं बटण दाबलं की वर तितक्या चौकटी तयार होत. अप्पांनी सगळी सोय करून ठेवली होती, फक्त भरायचं राहिलं होतं. दुपारच्या कॉफीनंतर आत्या शेजारी बसायच्या, वैदेही टाइप करायला, मी आपला देखरेखीला. पहिल्या दिवशी आत्यांनी स्वतःला धरून चौघी बहिणींपैकी तीन नावं सांगितली आणि चौथं आठवेना. बराच वेळ आठवेना. मग त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "राहू दे. D-4 च राहू दे."

दुसऱ्या दिवशी वैदेहीनं कॉम्प्युटर बंदच ठेवला. आत्यांचं बाहुल्यांचं खोकं उघडलं. नवरात्रात इकडे पायऱ्या मांडून बाहुल्या बसवतात, कोलू म्हणतात. तिच्या माहेरी रिवाज असा की मुलगी लग्न होऊन निघाली की कोलूतली एक बाहुली तिच्याबरोबर जायची. वैदेहीनं नावं विचारलीच नाहीत. तिनं विचारलं, "आत्या, पायरीवर आधी कुठली बाहुली असायची जी आता नाही?"

आत्या एकदम सावरून बसल्या. "नाक मोडलेला कृष्ण," त्या म्हणाल्या. "तो रुक्मा घेऊन गेली. मीच मोडलं होतं नाक. दुसरी बाहुली घे म्हटलं, तर हट्टानं तोच घेतला तिनं." रुक्मा. चौथी बहीण.

आणि मग थांबल्याच नाहीत. वीणेवाली बाहुली चंपा घेऊन गेली. दोन लाकडी बाहुल्यांची जोडी थोरल्या काकीच्या सीतेला, आणि त्यावरून भांडण. हत्ती कुणाकडे, मोर कुणाकडे, आजीच्या नणंदेनं कुठली नेली. ज्या बायका आत्यांनी पाहिल्याही नव्हत्या, त्यांच्या बाहुल्यांची रिकामी जागा त्यांच्या आजीनं त्यांना दाखवून ठेवली होती. रिकाम्या जागाही मांडायच्या असतात, हे मला पहिल्यांदा कळलं. अडीच आठवड्यांत एकसष्ट नावं झाली. मी बावीस वर्षं क्वालिटीत आहे, पण इतकं चोख काम मी आमच्या कारखान्यात पाहिलेलं नाही. आणि ते माझ्या बायकोनं एका तेवीस-चोवीस वर्षांच्या जुन्या मशीनवर, पिवळ्या पडलेल्या कीबोर्डवर केलं.

शेवटी उरली फक्त एक. अप्पांच्या चौकटीखालची D-1.

शनिवार होता, चार वाजले असतील. ओवी क्लासवरून नुकतीच आली होती आणि मागे उभी राहून केळ्याचे वेफर खात होती. आत्या म्हणाल्या, "आता तुझं. तू काय घेऊन गेलीस?"

"वाणी आणि वाणीण," वैदेही म्हणाली. किराण्याचं दुकान मांडून बसलेलं जाडजूड जोडपं. आमच्या टीव्हीशेजारी आहे.

तिनं D-1 वर दोनदा क्लिक केलं.

ओळ कोरी नव्हती.

तिथं लिहिलेलं होतं — M. VAIDEHI. आणि शेजारी फोटोच्या जागी फोटोसुद्धा, फ्रॉकमधली, दोन वेण्या. वैदेहीनं ओठ आत घेतले. मी म्हटलं, "बघ, तुझं घातलं होतं त्यांनी. मशीनला पेलवेल तेवढी एक तरी..." आणि माझं वाक्य अर्धंच राहिलं. कारण त्या ओळीखाली अजून एक ओळ होती. मुलांची.

V. OVI.

"हे मी नाही केलं," ओवी लगेच म्हणाली. अशा वेळी पहिला संशय कुणावर येतो ते तिला ठाऊक आहे.

"मी अजून टाइपच केलं नाही," वैदेही म्हणाली. तिचे हात खरंच मांडीवर होते.

आत्या एकट्या शांत. चष्मा पुसला, परत लावला, वाचलं. "त्यात काय," म्हणाल्या. "घातलं असेल अण्णानं."

"पण आत्या, ही झाली कधी, अप्पा गेले कधी..."

"तो कुठं कुणाला विचारून लिहायचा?"

आता माझा 'कारण' रकाना. मी तो मनापासून भरायचा प्रयत्न केला, हे लक्षात घ्या. ओवीला आणि वैदेहीला वेगवेगळं विचारलं. (वैदेहीनं या प्रकाराला 'चौकशी आयोग' म्हणून तीन दिवस जेवताना टोमणे मारले.) मशीनला इंटरनेटच नाही, बाहेरून काही यायचा प्रश्न नाही. मग मला वाटलं, आमच्यापैकी कुणीतरी चुकून या महिन्यात टाइप केलं असेल, आत्यांनीच केलं असेल आणि विसरल्या असतील. तेव्हा मी कपाटातली ती 'हात लावू नये' डब्यातली मूळ डिस्क काढली. आमच्या घरी आल्यापासून ती त्या मशीनमध्ये एकदाही चाललेली नव्हती. माझ्या लॅपटॉपला, लिहिता येणार नाही, फक्त वाचता येईल अशी जोडली. टक्-टक् करत तिनं मला फाईल दाखवली. फाईलच्या आत शोधलं.

V. OVI. होतं.

फाईल शेवटची साठवल्याची तारीख पाहिली. अप्पांना हॉस्पिटलात नेलं त्याच्या आदल्या दिवसाची. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. नंतर कुणी बदल केला असता तर तारीख नंतरची लागली असती. मशीनमधली घड्याळाची बॅटरी मेल्यावर केला असता तर कारखान्यातून निघतानाची जुनी तारीख लागली असती. कुणीतरी मुद्दाम घड्याळ मागे फिरवून केलं असं म्हणावं, तर मैलापूरच्या माळ्यावर चढून, वायर जोडून, ऐंशी वर्षांच्या बाईच्या नकळत, एवढा उद्योग करून कुणाला काय मिळणार होतं? दोन वर्षांनी जन्माला यायची मुलगी. माझ्या आईनं पाळण्यापाशी ऐनवेळी ठरवलेलं नाव. अप्पांनी माझ्या आईला आयुष्यात दोनदाच पाहिलं, आणि तेव्हा दोघांना एकमेकांची मराठी नीट कळत नव्हती, त्यामुळे ती दोघं फक्त हसत होती.

दुसऱ्या दिवशी मूळ डिस्क पुन्हा जोडली, नीट फोटो काढून ठेवावेत म्हणून. ती एकदा टक् झाली आणि कायमची गप्प बसली. नक्कल आहे, छापलेला कागद आहे. पण नक्कल मीच केलेली, त्यामुळे पुरावा म्हणून मी स्वतःच तो नापास केला असता.

कोइम्बतूरला निघायच्या आदल्या दिवशी आम्ही आत्यांना पूर्ण वंशावळ छापून दिली. कागद जोडून जोडून इतकी लांब झाली की हॉलपासून बाल्कनीपर्यंत पसरावी लागली. आत्या चप्पल काढून तिच्या कडेकडेनं चालल्या. कृष्णरावांच्या खाली थांबल्या. K. KAMALA. त्यावर बोट ठेवलं, शेजारच्या रुक्मावर ठेवलं, आणि म्हणाल्या, "नाक मी मोडलं होतं, हेही लिहायचं होतं." मग ओवीला हाक मारून तिला तिच्या चौकटीपाशी उभं केलं आणि स्वतःच्या खोक्यातली एक बाहुली तिच्या हातात दिली. "लग्नाची वाट कशाला बघायची," म्हणाल्या, "नाव आधीच लागलंय."

त्या वेळी माझ्या मनात काय होतं, विचाराल तर भीती अजिबात नव्हती. अभिमान होता. त्या बाईंचा, माझ्या बायकोचा, अठ्ठावन्नाव्या वर्षी विशीतल्या पोरांशेजारी बसून प्रोग्रामिंग शिकणाऱ्या माणसाचा. आणि थोडासा, काकांचे रुमाल आवरले म्हणून, माझाही.

बाकी रकाना रिकामा आहे. बावीस वर्षांत पहिल्यांदा. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा, मी तपासून बघेन.

आत्यांना स्टेशनवर सोडून परत येताना मी गाडीत वैदेहीला विचारलं होतं. म्हटलं, नाव एक वेळ बाजूला ठेव. पण इनिशियलसुद्धा? S असायला हवं तिथं V? ती चूक तर मी केली, शाळेच्या ऑफिसात, त्यांच्यानंतर पाच वर्षांनी. ते त्यांना कसं कळलं असेल?

वैदेहीनं माझ्याकडे न बघता खिडकीची काच खाली केली. मग म्हणाली, "नावाचं मला नाही सांगता येणार. पण इनिशियलमध्ये कसलं आलंय गूढ? अप्पा तुम्हाला चार वर्षं ओळखत होते."